पुराणातली माणसे, परगण्यातला कारभार

जुन्या ग्रंथातली माणसे त्यांच्या ग्रंथातून उचलायची, आपल्या काळातल्या बाजारात, कचेरीत नाहीतर भर रस्त्यात आणून सोडायची आणि मग काय गोंधळ उडतो ते बघायचे, हा विनोदाचा प्रकार मराठीत कादंबरी येण्याच्या निदान अडीचशे वर्षे आधीपासून आहे. इंग्रजीत अलीकडे जॅस्पर फोर्ड यांच्या ‘द एअर अफेअर’ (२००१) या कादंबरीने त्याला नवा वाचक मिळवून दिला. तिच्यातले इंग्लंड १९८५ सालचे आहे, पण तिथे क्रिमियाचे युद्ध अजून संपलेले नाही, वाङ्मयीन गुन्ह्यांसाठी पोलिसांची वेगळी शाखा आहे आणि एक खलनायक शार्लट ब्राँटीच्या हस्तलिखितातून थेट नायिकेलाच पळवून नेतो. मराठीत अशी करामत आधी संतांनी केली, मग शाहिरांनी, आणि गद्य लेखकांचा क्रम त्यानंतर लागला. त्यामुळे तिचा इतिहास छापील पुस्तकांपेक्षा देवळाच्या सभामंडपात आणि जत्रेच्या फडात जास्त सापडतो.

या इतिहासाचा पहिला मोठा टप्पा गोदावरीच्या काठचा, पैठणपासून नांदेडपर्यंतच्या पट्ट्यातला आहे. परभणी जिल्ह्यातले मानवत याच पट्ट्यात येते. काळ्या जमिनीचे आणि कापसाच्या बाजारपेठेचे हे गाव आज तालुक्याचे ठिकाण असले तरी पूर्वी पाथरी तालुक्यात होते.   गावाचा जुना इतिहास पाथरीचा आहे, आणि पाथरी हे मध्ययुगातले लहानसहान ठाणे नव्हते. अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचा बाप मलिक हसन हा मूळ पाथरीच्या कुलकर्ण्याच्या घरातला, असे फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. आपल्या पूर्वजांचे गाव आपल्याकडे असावे म्हणून निजामशहाने ते वऱ्हाडच्या इमादशहाकडे मागितले, मिळाले नाही तेव्हा लढून घेतले. सोळाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत पाथरी या दोन घराण्यांमध्ये हात बदलत राहिली. पुढे मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात ती एका सरकारचे मुख्य ठिकाण झाली. परगणा, कौल, ताकीद, अर्ज, हवाला, जकात, हुजूर हे शब्द या मुलखातल्या शेतकऱ्याच्या कानावर पिढ्यान्‌पिढ्या पडत होते, आणि त्यांच्याबरोबर येणारा सारा त्याच्या खांद्यावर.

याच मुलखात जुन्या कथांची मराठी रूपेही घडत होती. जिंतूरजवळच्या बोरीचा महानुभाव कवी भास्करभट्ट याने चौदाव्या शतकाच्या आरंभी ‘शिशुपाळवध’ रचला. कृष्णकथा त्याने इतकी रसाळ केली की विरक्तांच्या पंथात हा ग्रंथ वाचावा की नाही असा प्रश्न त्याच्या गुरुबंधूंनाच पडला. गंगाखेडच्या जनाबाईने विठ्ठलाला जात्याशी बसवले. तिच्याबरोबर तो दळतो, कांडतो, शेणी वेचतो. गोवऱ्यांच्या भांडणात कोणत्या गोवरीतून विठ्ठलनाम ऐकू येते यावरून तिची मालकी ठरते, ही आख्यायिका कीर्तनकार आजही रंगवून सांगतात. वैकुंठाचा धनी मोलकरणीचा गडी होतो यातली गंमत कळायला तो वैकुंठाचा धनी आहे हे आधी पक्के ठाऊक असावे लागते. या पट्ट्यातल्या श्रोत्यांना ते ठाऊक होते. या विनोदाचे सगळे भांडवल हेच.

या भांडवलावर सर्वांत धिटाईने व्यवहार केला तो पैठणच्या एकनाथांनी. १५९९ साली त्यांनी देह ठेवला, त्याआधी ‘भागवता’च्या एकादश स्कंधावर मोठी टीका लिहिली, ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिले, ‘भावार्थरामायण’ बरेच पुढे नेले आणि ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. एवढा पोथीपंडित माणूस भारुडांत मात्र विंचू चावला म्हणून ओरडतो, भुताने झपाटल्याचे सोंग आणतो, नवऱ्याला कंटाळलेल्या बाईचे गाऱ्हाणे मांडतो, जोगवा मागतो, वासुदेव होऊन दारोदार फिरतो, महार होऊन जोहार घालतो. अशी भारुडे त्यांच्या नावावर तीनशेच्या आसपास आहेत. शाळेतल्या पाठ्यपुस्तकांनी त्यांतली चार-पाचच लोकप्रिय केली. त्यामुळे एकनाथांच्या विनोदाचा सर्वांत वेगळा भाग बहुतेकांच्या वाचनात येत नाही. तो भाग म्हणजे सरकारी कागदांच्या नमुन्यात लिहिलेली भारुडे: अर्जदास्त, ताकीदपत्र, जाबचिठ्ठी, कौल, अभयपत्र.

या कागदांतली कल्पना अशी, की माणसाचे शरीर हा एक परगणा आहे. जीव हा त्या परगण्याचा अंमलदार, आणि हुजूर बसलेला धनी म्हणजे परमेश्वर. परगण्याचा वसूल थकलेला आहे. काम, क्रोध, मद, मत्सर ही मंडळी वतनदार किंवा कारभारी बनून रयतेला लुटत आहेत. म्हातारपण दाराशी आले आहे आणि यमाकडून तगादा लागला आहे. अशा परिस्थितीत अंमलदार फारसी वळणाच्या कचेरीच्या भाषेत अर्ज लिहितो, वरून ताकीद येते, जाब विचारला जातो, शेवटी अभय मिळते. वेदान्तातली एकही संज्ञा इथे मूळ पोशाखात येत नाही. सगळ्यांनी अंगरखा आणि पागोटे चढवले आहे. हा केवळ दृष्टान्त म्हणावा तर तो फार लांबवलेला आणि तपशिलात फार रमलेला आहे. खऱ्या परगण्याच्या शेजारी दुसरा परगणा उभा राहतो, त्याची स्वतःची खाती असतात, लाचखाऊ नोकर असतात, थकबाकी असते. ऐकणाऱ्याला हसू येते ते दोन्ही परगण्यांचा कारभार हुबेहूब सारखा निघतो म्हणून.

एकनाथांना ही भाषा परकी नव्हती. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीचे अधिकारी होते आणि एकनाथांनी तिथे हिशेबाचे काम केले, असे परंपरा सांगते. एका पैची चूक सापडेपर्यंत रात्रभर जागण्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ती चरित्रकारांनी एकाग्रतेचा नमुना म्हणून सांगितली. अर्जदास्त वाचताना तिचा दुसरा उपयोग ध्यानात येतो. ज्याने खरोखर कीर्दखतावणी हाताळली आहे त्यालाच देवाच्या दरबाराची कीर्द अशी लिहिता येते.

भारूड केवळ वाचायचे नसते. सोंगी भारुडात सोंग घेतलेला माणूस प्रत्यक्ष उभा राहतो, मृदंग-टाळाचा मेळ मागे असतो, आणि मूळ पदाच्या मधल्या मोकळ्या जागेत तो समोर बसलेल्या पाटलाला, सावकाराला किंवा मास्तराला बोलण्यात ओढतो. मराठवाड्यात हा प्रकार सप्त्यात आणि जत्रेत टिकून राहिला. औरंगाबादचे निरंजन भाकरे यांनी ‘बुरगुंडा’ आणि इतर भारुडे शहरांतल्या रंगमंचावर आणि परदेशातही नेली. अलीकडच्या काळात व्यसनमुक्ती, हागणदारीमुक्ती, मुलींचे शिक्षण असे सरकारी मोहिमांचे विषयही भारुडात आले. अशा वेळी सोंग तेच राहते आणि भुताच्या जागी दारूची बाटली येते. कलावंताला त्यातून मानधन मिळते ही चांगली गोष्ट आहे. विनोदाची धार मात्र बोथट होते, कारण एकनाथांचा अर्जदार सरकारला घाबरून लिहीत होता आणि नवा भारूडकार सरकारच्या वतीने बोलतो.

एकनाथांचा मुलीकडून नातू मुक्तेश्वर याने महाभारताची पाच पर्वे ओवीत आणली. आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक अशी ती पर्वे. त्याच्या वर्णनांत पांडवांच्या काळी नसलेल्या वस्तू, जातीजमाती आणि रीतिरिवाज मोकळेपणाने येतात. समीक्षकांनी त्याला कालविपर्यासाचा दोष लावला. दोष खरा आहे, पण तो कोणाच्या नजरेतून दोष हेही पाहायला हवे. कथा ऐकायला बसलेल्या माणसाला हस्तिनापूर म्हणजे आपण पाहिलेल्या मोठ्यात मोठ्या शहरासारखे, एवढेच हवे असते. मुक्तेश्वराने ते शहर त्याला दिले. यात विनोदाचा हेतू नव्हता, तरी पुढे विनोदकारांना जी वाट वापरायची होती ती अशाच कवींनी मळवून ठेवली. मोरोपंतांचा खेळ निराळा. एकाच रामकथेची त्यांनी १०८ रामायणे केली असे परंपरा मानते. ओठ लागणारे एकही अक्षर नसलेले निरोष्ठ रामायण त्यांत आहे. माहीत असलेली कथा पुन्हा सांगताना श्रोत्याचे लक्ष कथेवरून कारागिरीकडे वळते, हे मोरोपंतांइतके पुरते कोणी ओळखले नव्हते.

उत्सवाच्या अखेरीस होणारे लळीत आणि त्याच्या शेजारी वाढलेला तमाशा यांत हीच सामग्री उघडउघड हसण्यासाठी वापरली गेली. लळितात भालदार-चोपदार येतात, गणपती-सरस्वती येतात, वासुदेव, गोंधळी, बहुरूपी येतात, आणि देव व गावकरी एकाच अंगणात उभे राहतात. तमाशात गणानंतर गौळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण अडवतो आणि दाण मागतो. त्याच्याबरोबर पेंद्या असतो, गवळणींबरोबर मावशी असते. मावशीचे काम पुरुषच करतो. मूळ भागवतात मावशीला जागा नाही. ती तमाशाने घडवली आणि कृष्णाशी हुज्जत घालण्याचा सगळा अधिकार तिला दिला. दाण म्हणजे जकातच, त्यामुळे गौळणीतला संवाद बघता बघता नाक्यावरच्या वादासारखा होतो: कसला कर, कोणाच्या हुकमाने, पावती कुठे आहे. निजामाच्या राज्यात करोडगिरीचे नाके होते आणि मालावर कर घेतला जात होता. अशा मुलखातल्या प्रेक्षकाला या संवादासाठी वेगळ्या खुलाशाची गरज नव्हती.

तमाशातल्या वगाची सुरुवात उमाबापू सावळजकर यांच्या ‘मोहना-बटाव’ या वगापासून, १८६५च्या सुमारास, धरली जाते. वगात राजा, प्रधान, कोतवाल, शिपाई असतात आणि राज्य कोणते ते नक्की नसते. ते राज्य विक्रमाच्या बत्तीस पुतळ्यांच्या गोष्टींतून आलेले असते, त्यातली फौजदारकी मात्र ताज्या ब्रिटिश अमलातली असते. हरिभाऊ वडगावकर यांचा ‘गाढवाचं लग्न’ हा वग या मिश्रणाचा सर्वांत गाजलेला नमुना. इंद्राच्या दरबारातला गंधर्व शाप मिळून गाढव होतो, सावळ्या कुंभाराच्या घरी येतो आणि राजकन्येशी लग्न लावून दे म्हणून हट्ट धरतो. शापित गंधर्व गाढवाच्या रूपात राजकन्या मागतो, ही कथा विक्रमादित्याच्या जन्माभोवतीच्या लोककथांत जुनीच आहे. तिथे ती गंभीर आहे, पराक्रमी राजाच्या बापाची ती जन्मकथा आहे. वगाने तिचे केंद्र हलवले. गंधर्व बाजूला राहिला आणि सावळ्या कुंभार व त्याची बायको गंगी यांची फरफट पुढे आली. स्वर्गाचा कारभार आणि राजाचा कारभार या दोहोंच्या मध्ये सापडलेला गरीब कारागीर दादू इंदुरीकरांनी वर्षानुवर्षे साकारला. मूळ कथेत ज्याचे नावही कोणी विचारले नसते तो माणूस नायक होतो, ही या परंपरेची खरी कमाई.

छापील साहित्यात या विनोदाला प्रतिष्ठा दिली ती श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी. ते जन्माने नागपूरचे, व्यवसायाने वकील, आणि त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे जळगाव जामोद व खामगाव या वऱ्हाडातल्या गावांत गेली. १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तारा’त ‘साक्षीदार’ हा त्यांचा पहिला विनोदी लेख आला. पुढे १९१० साली ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ आणि नंतर बत्तीस लेखांचे ‘सुदाम्याचे पोहे अर्थात साहित्यबत्तिशी’ अशी पुस्तके झाली. नावातच दोन जुने ग्रंथ एकमेकांवर ठेवलेले आहेत: कृष्णाचा दरिद्री मित्र आणि सिंहासनबत्तिशी. लेखांचा निवेदक सुदामा, त्याचे सोबती बंडूनाना आणि पांडुतात्या. पुराणातला सुदामा मित्राकडून सोन्याची नगरी घेऊन परततो. कोल्हटकरांचा सुदामा आपल्या दोन सोबत्यांबरोबर शिमगा, गणपती, लग्नमुंज, ज्योतिष यांच्यात धडपडत राहतो आणि त्याच्या पदरात सोने कधीच पडत नाही.

कोल्हटकरांची पद्धत आजच्या वाचकाला जड वाटते. कोट्यांची गर्दी फार, वाक्ये लांब, आणि प्रत्येक युक्तिवाद शेवटपर्यंत ताणलेला. पण उलट्या जगाची मांडणी त्यांना नेमकी साधली होती. ‘चोरांचे संमेलन’ या लेखात चोर रीतसर परिषद भरवतात, त्या काळातल्या सभासंमेलनांची सगळी शिस्त पाळतात आणि चोरीच्या धंद्याच्या उन्नतीचा गंभीरपणे विचार करतात. सभेचा थाट खरा आहे, धंदा तेवढा बदलला आहे. एकनाथांच्या अर्जदास्तीत कागद खरा आणि परगणा कल्पित होता, तशीच ही रचना. फक्त कोल्हटकरांना त्यातून मोक्ष काढायचा नव्हता, सनातनी समाजाचे दंभ उघडे पाडायचे होते.

त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी ‘बाळकराम’ या नावाने ‘कवींचा कारखाना’ उघडला. कविता हा उत्पादित माल आहे, त्याचे साचे आहेत, कच्चा माल आहे, कारागीर आहेत, अशी ती कल्पना. आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने १९२५ साली ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध केली आणि रविकिरण मंडळाच्या व इतर कवींच्या शैली उसन्या घेऊन भलत्याच विषयांवर कविता केल्या. इथे एक बदल झाला तो नोंदवण्यासारखा आहे. एकनाथांपासून वगापर्यंत ज्या ग्रंथांशी थट्टा चालली होती ते पुराणग्रंथ होते, आणि ते निरक्षरालाही ठाऊक होते. गडकरी-अत्र्यांच्या थट्टेचा विषय समकालीन छापील कविता झाली, आणि तिला हसण्यासाठी मासिके वाचणारा मध्यमवर्ग लागला. निजामाच्या राज्यातल्या मराठी भाषकाच्या वाट्याला हा विनोद उशिरा आणि कमी आला. तिथे सरकारी शिक्षण उर्दूतून होते, जाहीर सभांना परवानगी लागत होती, आणि मुंबई-पुण्याची मासिके मनमाडकडून येणाऱ्या रेल्वेने मानवत रोडसारख्या, गावापासून दूर असलेल्या स्थानकांवर उतरत होती. मराठवाड्यात भारूड आणि तमाशा यांचा जोर अधिक काळ का टिकला याचे एक कारण इथे सापडते.

स्वातंत्र्यानंतर शहरी नाटकाने पुन्हा वगाकडे मोर्चा वळवला. वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगभूमीवर आले आणि दादा कोंडके यांनी त्याचे दीड हजारांवर प्रयोग केले. त्यातला राजा, प्रधान, कोतवाल आणि हवालदार जुन्या वगातलेच आहेत, पण प्रत्येक प्रयोगात त्यांच्या तोंडी त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रातले राजकारण आले. गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८०पासून वेगळीच शक्कल लढवली. एका मालवणी खेड्यातली हौशी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचा दशावतारी थाटाचा खेळ करायला निघतात. भीम, दुःशासन, धर्मराज ही पात्रे गावातल्या भांडणांपासून आणि मानापमानापासून क्षणभरही सुटू शकत नाहीत, आणि महाभारत पुढे सरकतच नाही. मच्छिंद्र कांबळी यांच्या तात्या सरपंचामुळे हे नाटक हजारो प्रयोगांपर्यंत गेले. पात्र ग्रंथातून बाहेर येते ही जुनी युक्ती होती, इथे गावकरी ग्रंथात शिरू पाहतात आणि ग्रंथ त्यांना आत घेत नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस संतोष पवार यांच्या ‘यदा कदाचित’ने उरलेसुरले कुंपणही काढले. महाभारताची मंडळी आजच्या बोलीत, आजच्या लकबींसह एकमेकांवर तुटून पडू लागली. धसमुसळेपणाबद्दल त्या नाटकावर टीका झाली आणि ती सगळीच चुकीची नव्हती. पण द्रौपदी, शकुनी, युधिष्ठिर म्हणजे कोण हे एकदाही न सांगता दोन तास विनोद चालवता येतो, हे त्यातून नव्या पिढीच्या प्रेक्षकांपुढेही सिद्ध झाले.

गद्य कथेत या प्रकाराचा सर्वांत नेटका नमुना एका खगोलशास्त्रज्ञाने दिला. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली आणि तेव्हापासून ते विज्ञानकथा लिहू लागले. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेचा नायक इतिहासाचा प्राध्यापक आहे. पानिपतची तिसरी लढाई, म्हणजे १४ जानेवारी १७६१ची, निराळी झाली असती तर काय घडले असते, या प्रश्नाने त्याला घेरले आहे. अपघात होतो आणि तो अशा मुंबईत पोचतो जिथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत. भारत कधी इंग्रजांच्या ताब्यात गेलाच नाही. मुंबई तेवढी कराराने त्यांच्याकडे राहिली आहे, आणि ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार अजून चालू आहे.

गंगाधरपंत या मुंबईत पोचल्यावर काय करतात? ग्रंथालयात जाऊन बसतात. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये ते स्वतःचीच इतिहासाची पुस्तके काढतात आणि कोणत्या पानावर इतिहास फुटला ते शोधत जातात. उत्तर ‘भाऊसाहेबांच्या बखरी’त मिळते. आपल्या जगातल्या बखरीत पेशव्यांचा मुलगा विश्वासराव याला गोळी लागते, त्या जगातल्या बखरीत ती कानाजवळून निघून जाते. एका गोळीच्या एवढ्याशा वळणावर दोनशे वर्षांचा इतिहास उलटा होतो. बखर ही मराठीतली अस्सल गद्य परंपरा, तिची भाषा आणि तिचा सूर शाळेपासून ओळखीचा. त्या बखरीचे एक पान बदलते तेव्हा मराठी वाचकाला बसणारा धक्का कोणत्याही यंत्राच्या वर्णनाने बसला नसता.

विनोदाचा भाग त्यानंतर येतो. गंगाधरपंतांनी आपल्या आयुष्यात शेकडो सभांचे अध्यक्षपद भूषवलेले आहे. आझाद मैदानावर भाषण चालू असते, मंचावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते, आणि सवयीने पंत जाऊन तिच्यावर बसतात. त्या जगात सभेला अध्यक्ष असण्याची पद्धतच बंद झालेली असते. लोकांना कंटाळवाणी भाषणे नको आहेत. पंत बोलत राहतात, टोमॅटो आणि अंडी यायला लागतात. मराठी सार्वजनिक जीवनातले अध्यक्षीय भाषण हे कोल्हटकरांच्या चोरांच्या संमेलनापासून थट्टेचा विषय आहे. नारळीकरांनी त्या थट्टेवरच पर्यायी जगाचा दरवाजा बंद केला. कथेच्या शेवटी पंतांच्या खिशात फाटलेले बखरीचे पान सापडते, आणि त्यांचा शास्त्रज्ञ मित्र राजेंद्र देशपांडे आपत्तिसिद्धान्त आणि पुंजभौतिकी यांच्या आधारे दोन्ही जगांची संगती लावतो. या कथेचे इंग्रजी रूप ‘द अॅडव्हेंचर’ या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात आले, आणि देशभरातल्या विद्यार्थ्यांनी विश्वासरावाचे नाव प्रथम तिथे वाचले.

याच युक्तीचे दुसरे टोक पु. ल. देशपांडे यांच्या ‘मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास’ या १९९४ साली निघालेल्या पुस्तकात दिसते. नारळीकरांनी बखरीचे एक पान बदलले, पु. लं.नी सगळा वाङ्मयेतिहासच नव्याने रचला. साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्या पंडितांची सगळी हत्यारे तिथे आहेत: कवीच्या कालनिर्णयाचे वाद, गावाबद्दलचे दावे, पाठभेद, संशोधकांची एकमेकांवरची कुरघोडी, शोधनिबंधी गांभीर्य. नाव वाचून वाटते तसा हा संक्षेप नाही. ज्ञानेश्वर, एकनाथ, मुक्तेश्वर, मोरोपंत यांच्यावर वर्षानुवर्षे साचलेल्या अभ्यासग्रंथांच्या थराची ही नक्कल आहे. मूळ ग्रंथ ज्यांनी वाचले त्यांना तिच्यात हसू येते, ग्रंथांवरचे ग्रंथ ज्यांनी वाचले त्यांना दुप्पट हसू येते.

दीर्घ कादंबरीच्या रूपात हा प्रकार मराठीत फारसा रुजला नाही. एका रात्रीचे भारूड, एका फडाचा वग, मासिकातला लेख, तीन अंकी नाटक आणि लघुकथा या आकारांतच तो वाढला. त्याची कारणे व्यवहारातली आहेत. भारूड आणि वग यांचा खरा मजकूर त्या त्या रात्रीच्या उत्स्फूर्त बतावणीत असतो आणि छापल्यावर तो अर्धाच उरतो. मासिकांनी विनोदी लेखाला बाजार दिला, विनोदी कादंबरीला फारसा दिला नाही. ऐतिहासिक-पौराणिक कादंबरी मराठीत भरपूर खपली, पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिने कर्ण, ययाती, शिवाजी, बाजीराव यांना गंभीर नायकपण देण्याचे काम पत्करले. त्याच व्यक्तिरेखांशी चारशे पानभर थट्टा करणारा लेखक आणि ती छापणारा प्रकाशक यांची जोडी जमणे तेव्हा अवघड होते. तेवढी मोकळीक रंगभूमीला होती, आणि तिथे ‘गाढवाचं लग्न’ व ‘वस्त्रहरण’ पुढच्या पिढ्यांतल्या नटांनी पुन्हापुन्हा उभे केले.